सुतारासाठी वडी

नोव्हेंबर सुरू झाला की मिशिगनमधल्या मोठ्या दुकानांच्या बागकाम विभागात कुंड्या आणि खतं मागे जातात आणि पक्ष्यांच्या खाद्याच्या थप्प्या पुढे येतात. सूर्यफुलाच्या बियांच्या गोण्यांशेजारी प्लास्टिकच्या चपट्या डब्यांत एकेक चौकोनी वडी असते. पांढुरकी, मध्ये शेंगदाण्याचे नि मक्याचे कण दिसणारी, डबीवर सुतार पक्ष्याचं चित्र असलेली. डेट्रॉइटच्या पश्चिमेला कॅन्टन, नोव्हाय या उपनगरांत मराठी माणसांची वस्ती चांगली आहे. गाड्यांच्या धंद्यामुळे पिंपरी-चिंचवडहून आलेले बरेच. त्यांच्यातलं कुणीतरी पोराच्या हट्टाखातर ती वडी उचलतं, सवयीप्रमाणे डबी उलटी करून घटकपदार्थ वाचतं आणि पहिल्याच ओळीवर अडतं. गाईची चरबी. वडी मुकाट्यानं रॅकवर परत जाते. काडतुसांचा धडा शाळेत पाठ केलेली माणसं आपण. एवढं दचकणं साहजिकच.

या चरबीला इथे सुएट म्हणतात. गाय-बैलाच्या किंवा मेंढीच्या गुर्द्यांभोवती आणि कमरेच्या आतल्या अंगाला जी घट्ट, ठिसूळ, पांढरी चरबी असते, ती ही. मांसाला चिकटलेली चरबी मऊ असते आणि लवकर पाघळते. गुर्द्याची चरबी साध्या हवेत दगडासारखी टिकते. इंग्रजांच्या स्वयंपाकघरात तिची पुडिंगं होतात. अमेरिकेत ती बरीचशी पक्ष्यांच्या वाट्याला येते, आणि पक्ष्यांत पहिला मान सुताराचा.

त्याला कारणही तसंच आहे. थंडी पडली की इथले बरेच पक्षी दक्षिणेची वाट धरतात. डाउनी, हेअरी, रेड-बेलीड हे सुतार मात्र जागा सोडत नाहीत. डाउनी हा उत्तर अमेरिकेतला सगळ्यात लहान सुतार, वजन २१ ते २८ ग्रॅम. डिसेंबरात डेट्रॉइटला दिवस जेमतेम नऊ तासांचा होतो. उरलेले पंधरा तास हा मूठभर जीव झाडाच्या ढोलीत अंग फुलवून काढतो, आणि दिवसभरात अंगात जे इंधन साठवलं असेल त्यावरच सकाळ गाठतो. २०१९च्या जानेवारीअखेर आलेल्या लाटेत इथला पारा उणे २५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला होता. अशा रात्रीचा हिशेब सोपा आहे: एका ग्रॅम पिठात चार किलोकॅलरी, एका ग्रॅम चरबीत नऊ. सालीखाली झोपलेल्या अळ्या उकरून खाणाऱ्या पक्ष्याला स्निग्ध खाणं नवं नाही. जंगलात मरून पडलेल्या हरणाच्या बरगड्यांवरची चरबीही तो टोचून खातो.

मराठी घरांत या वडीवरून तीन पंथ पडलेले दिसतात. एक, विकतची वडी आणून डबीतून काढून टांगणारे, फार विचार न करणारे. दुसरे, चरबीला हात न लावता शेंगदाण्याच्या लोण्यावर भागवणारे. तिसरा पंथ छोटा आहे; तो चरबी घरी कढवतो.

कॅन्टनमधल्या एका घरी साताऱ्याहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. सून डबा घेऊन गॅरेजकडे निघाली, तेव्हा त्यांनी हटकलं.

“त्यात नक्की काय आहे, खरं सांग बरं.”

“चरबी आहे, आई. पण गॅरेजमधल्या फ्रीजमध्येच असते. स्वयंपाकघरात आणत नाही मी.”

“आणि हात कुठे धुतेस?”

“गॅरेजच्याच नळावर.”

“मग हरकत नाही. पाखरांना कोण शाकाहारी करायला बसलंय!”

जानेवारीपर्यंत परिस्थिती अशी झाली की सकाळचा चहा घेताना खिडकीतून पहिला अहवाल सासूबाईच देत: लाल टिक्केवाला येऊन गेला, बिनटिक्क्याची अजून आली नाही. लाल टिक्का म्हणजे नराच्या डोक्याच्या मागच्या बाजूला असलेली तांबडी खूण. मादीला ती नसते.

शेंगदाणा पंथाची कृती कुणालाही जमेल. एक वाटी शेंगदाण्याचं लोणी, मीठ नसलेलं. एक वाटी वनस्पती तूप, म्हणजे आपल्याकडे ज्याला डालडा म्हणत आलो त्याच जातीचं, इथे शॉर्टनिंग म्हणून मिळणारं. दोन्ही मंद आचेवर पातळ करायचं, खाली उतरवून त्यात दोन वाट्या ओट्स, दोन वाट्या मक्याचा रवा आणि एक वाटी कणीक घालून कालवायचं, डब्यात थापून फ्रीझरमध्ये ठेवायचं. खोबरेल तेल वापरण्याचा मोह आवरावा. ते २४ अंशांच्या आसपासच पातळ होतं. हे मिश्रण सुतार आवडीनं खातात. चरबीच्या वडीइतकं ते कडक राहत नाही, म्हणून एका वेळी थोडंच लावायचं.

कढवण्याचं काम मी पाहिलं ते कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडे. त्यांना चरबीचं सोयरसुतक नव्हतं. डिअरबॉर्नला हलाल खाटकांची दुकानं पुष्कळ. तिथून ते मेंढीच्या गुर्द्याची चरबी पिशवीभर आणतात. थंडगार असतानाच तिचे बोटभर तुकडे करायचे, कारण हाताच्या उबेनं ती सुरीला चिकटायला लागते. तुकड्यांवरचा पातळ पापुद्रा आणि रक्ताचे धागे काढून टाकायचे. मग जाड बुडाच्या पातेल्यात अगदी मंद आच. ही शेगडी त्यांनी गॅरेजच्या दाराबाहेर मांडली होती, कारण घरात कढवली तर वास पडद्यांत बसतो आणि मग घरात वेगळीच चर्चा सुरू होते. सुरुवातीला पातेल्यातून चर्र आवाज येत राहतो. तो चरबीतल्या पाण्याचा. लोणी कढवून तूप करताना जो क्षण आपली आई आवाजावरून ओळखायची, तोच इथेही ओळखायचा असतो: बुडबुडे बारीक होतात, आवाज बसतो, तळाशी तांबूस बेरी दिसते. मग जुन्या सुती कापडातून गाळायचं. थोडं निवू द्यायचं, गोठलं की पुन्हा एकदा वितळवून गाळायचं. दुसऱ्या खेपेला उरलंसुरलं पाणी नि मांसाचे कण जातात, आणि नासण्याचं मूळ तेच असतं. दोनदा कढवलेली चरबी आणखी घट्ट बसते.

निम्मी गोठली की त्यात भरडलेले बिनमिठाचे शेंगदाणे आणि मक्याचा रवा. पातळ असतानाच घातले तर सगळे दाणे तळाला जाऊन बसतात. तयार वडी साडेचार इंच लांब-रुंद आणि दीड इंच जाड हवी, कारण बाजारातले सगळे पिंजरे त्याच मापाचे आहेत. बेकनची उरलेली चरबी, खारे दाणे, पावाचा चुरा यांतलं काहीही नको. बेकनमध्ये मीठ नि टिकवण्याची रसायनं असतात. तेवढ्याशा जिवाला ती सोसायची नाहीत.

पिंजरा म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेल्या तारेची चौकोनी जाळी, वर साखळी, एका बाजूला दार. वडी आत सरकवली की झालं. स्वस्त आहे आणि चालतो. पण सुताराच्या शरीराकडे एकदा नीट पाहिलं की त्यात काय उणं आहे ते कळतं. सुताराचं शेपूट म्हणजे त्याचा तिसरा पाय. मधली पिसं टणक असतात. खोडावर बसताना तो ती टेकवून देतो आणि अंगाचा भार तोलतो. पिसं झडून नवी येण्याच्या मोसमात बाकीची आधी बदलतात, आणि ती भक्कम झाल्यावरच मधली जोडी गळते. टेकू एक दिवसही जाऊ नये अशी ती योजना. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे. असा पक्षी हवेत लोंबकळणाऱ्या छोट्या जाळीवर आला की शेपटाला टेकायला काही मिळत नाही आणि तो झुलत राहतो. डाउनी हलका, तो निभावतो. हेअरी अवघडतो. आणि कावळ्याएवढा, लाल तुऱ्याचा पायलिएटेड सुतार येणार असेल, तर जाळीखाली फूटभर लांबीची खरखरीत फळी हवीच. जाळी फळीवर ठोकलेले तयार फीडर मिळतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे मनगटापेक्षा जाड ओंडका घ्यायचा, साल तशीच ठेवायची, सव्वा इंची भोकं पाडून त्यांत चरबी दाबून भरायची आणि वरून टांगायचा.

डाउनी आणि हेअरी यांच्यात भल्याभल्यांची गफलत होते. दोघेही पांढऱ्या पाठीचे, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या पंखांचे. चोच पाहावी. डाउनीची डोक्याच्या एक तृतीयांश, नाजूक. हेअरीची जवळजवळ डोक्याएवढी, छिन्नीसारखी सरळ. फीडरजवळ दुर्बीण लावून बसलं तर चोचीच्या मुळाशी नाकपुड्या झाकणारी बारीक केसाळ पिसंही दिसतात; लाकडाचा भुसा आत जाऊ नये म्हणून. जीभ दिसत नाही, आणि खरी करामत तिचीच. तिला आधार देणारी हाडं नि स्नायू कवटीच्या मागून वळसा घालून कपाळापर्यंत येतात, म्हणून ती चोचीबाहेर एवढी लांब जाते. सुताराची कवटी आतून धक्के शोषून घेते, ही गोष्ट मात्र आता सोडून द्यायला हवी. २०२२ मध्ये सॅम व्हान वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यांतून मोजमाप करून दाखवलं की डोकं घणासारखं ताठ चालतं. धक्का शोषला गेला असता तर घावातला जोरच गेला असता. मेंदू वाचतो तो मुळात लहान असल्यामुळे.

फीडरवर नर-मादीचं वागणंही पाहण्यासारखं. नर आला की मादी बाजूला होते. जंगलातही डाउनी नर बारीक फांद्या नि वाळलेले देठ स्वतःकडे ठेवतो आणि मादीला मोठ्या फांद्या व खोडाकडे पिटाळतो. नर नाहीसा केला तर ती लगेच त्या जागा धरते. सासूबाईंनी हे कुठलाही शोधनिबंध न वाचता ओळखलं होतं, त्यावरचं त्यांचं भाष्य इथे छापण्याजोगं नाही.

वडी टांगली की आठवडाभरात स्टार्लिंग येतात. आपल्या साळुंकीचे हे भाऊबंद, आणि खाणंही तसंच, टोळीनं. १८९० साली यूजीन शिफलिन या गृहस्थानं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युरोपातून आणलेले साठेक स्टार्लिंग सोडले, पुढच्या वर्षी आणखी चाळीसेक. शेक्सपिअरच्या नाटकांतला प्रत्येक पक्षी अमेरिकेत असावा म्हणून त्यानं हे केलं, असं सांगतात. अलीकडे संशोधकांनी कागदपत्रं धुंडाळली तेव्हा त्या कथेला आधार सापडला नाही. पक्षी मात्र खंडभर पसरले. दोन-तीन दिवस पुरणारी वडी ते एका दुपारीत संपवतात. त्यावरचा उपाय सुंदर आहे: पिंजऱ्याला वरून छप्पर, बाजू बंद, आणि चरबी फक्त खालून उघडी. खाणाऱ्यानं उलटं लटकायचं. सुतार, नटहॅच, चिकडी या पक्ष्यांना उलटं काय नि सुलटं काय. स्टार्लिंगला ते जड जातं, आणि बहुतेक नाद सोडतात.

खारीला कुठल्याही आकाराचं वावडं नाही. तिच्यासाठी खांबाची जागा महत्त्वाची: झाड, कुंपण, डेक यांपासून दहा फूट लांब, आणि जमिनीपासून चार-पाच फुटांवर खांबाला उपड्या शंकूच्या आकाराचा पत्रा. तरीही ती आली तर चरबी कढवतानाच त्यात तिखट मिसळायचं. पोपट मिरची खातो आणि त्याला काही होत नाही, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं. त्यामागचं कारण २००२ मध्ये स्वेन-एरिक यॉर्ट आणि डेव्हिड ज्युलियस यांनी दाखवलं: सस्तन प्राण्यांच्या पेशींतलं जे प्रथिन मिरचीतल्या कॅप्सेसिननं चेतवलं जातं, त्याचा पक्ष्यांतला अवतार त्याला दादच देत नाही. ज्युलियसना २०२१चं नोबेल मिळालं त्यात या प्रथिनाच्या शोधाचा मोठा वाटा होता. तिखट वरून भुरभुरू नये. वाऱ्यानं उडून आपल्याच डोळ्यांत जातं.

खिडकीचा मुद्दा खारीपेक्षा गंभीर आहे आणि लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात. अमेरिकेत काचांवर आदळून वर्षाला ३६ कोटी ५० लाख ते ९८ कोटी ८० लाख पक्षी मरतात, असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काचेत आभाळ दिसतं, झाड दिसतं, पक्षी तिकडे झेपावतो. म्हणून फीडर एक तर काचेपासून तीन फुटांच्या आत हवा, म्हणजे उडणाऱ्याला वेगच येत नाही. नाही तर तीस फुटांपलीकडे. चहा घेता घेता नीट दिसावं म्हणून लोक नेमकं दहा-पंधरा फुटांचं अंतर निवडतात, आणि तेच सगळ्यात वाईट. काचेवर एकच ससाण्याचं चित्र चिकटवून उपयोग नाही. बाहेरच्या बाजूनं दोन-दोन इंचांवर ठिपके लागतात.

एवढा खटाटोप करावा तो पक्ष्याला त्याची गरज असते म्हणून? विस्कॉन्सिनमध्ये मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेंपल यांनी हा प्रश्न चिकडी या चिमुकल्या पक्ष्यापुरता तपासला. १९८८च्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे खाद्य मिळालेल्या चिकडींपैकी ६९ टक्के हिवाळा तरून गेल्या, न मिळालेल्यांपैकी ३७ टक्के. फरक पडला तो मुख्यतः कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांत. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर फीडरवर येणाऱ्या चिकडींनाही दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्साच तिथून मिळत होता. बाकीचं त्या रानातूनच गोळा करत. आणि वर्षानुवर्षं चाललेलं खाद्य बंद केलं तेव्हा त्या भागातल्या चिकडी इतरांइतक्याच टिकल्या. म्हणजे आपण भारतात सुट्टीला गेलो म्हणून सुतार उपाशी मरत नाही. माझं मत विचाराल तर ही वडी बहुतेक दिवशी आपल्याच हौसेसाठी असते. हौसेत वाईट काही नाही, पण तिचा भुर्दंड पक्ष्यावर पडू नये. काच, मीठ, स्वच्छता यांचे नियम पाळायचे ते एवढ्यासाठी. जो माणूस कधीच फीडर धूत नाही त्यानं तो टांगूच नये, असं मी स्पष्ट म्हणेन. २०२१च्या आरंभी पाइन सिस्किन या छोट्या पाखरांत साल्मोनेलाची साथ आली तेव्हा वॉशिंग्टन राज्यानं लोकांना फीडर उतरवून ठेवायला सांगितलं होतं. दोन आठवड्यांनी एकदा गरम पाण्यानं तेलकटपणा घालवून, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून पिंजरा बुडवायचा आणि खडखडीत वाळवायचा.

या हौसेतून काही पदरात पडतं ते वेगळ्या दिशेनं. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि बर्ड्स कॅनडा मिळून प्रोजेक्ट फीडरवॉच चालवतात. १९७६ मध्ये ऑन्टारिओत सुरू झालेली ही मोजणी १९८७च्या हिवाळ्यापासून खंडभर झाली. नोव्हेंबर ते एप्रिल, घरबसल्या, आपल्या फीडरवर एका वेळी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले एवढंच कळवायचं. आणि याचा सगळ्यात चोख उपयोग आमच्या कॅन्टनच्या बाबतीत झाला.

२००२ च्या उन्हाळ्यात याच भागात ॲशची झाडं वाळताना सापडली. कारण निघालं हिरवा चकचकीत भुंगेरा, एमराल्ड ॲश बोरर. आशियातून बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात, झाडाचा रस तुटतो, तीन-चार वर्षांत झाड मरतं. आग्नेय मिशिगनमधली कोट्यवधी ॲश गेली. वसाहतींच्या रस्त्यांच्या दुतर्फा हीच झाडं लावलेली होती. आज तिथे कोवळी मेपल दिसतात, आणि फीडर झाडाऐवजी लोखंडी खांबावर टांगावे लागतात त्याचं एक कारण हेही आहे. या आपत्तीत सुतारांचं मात्र फावलं. सालीखाली अळ्यांचं कोठार उघडलं होतं. सुतार वरची करडी साल खरवडून टाकतात, खालचा फिकट थर उघडा पडतो, आणि दुरून खोडावर गोरे पट्टे दिसतात. भुंगेरा नजरेस पडण्याआधी वनखात्याची माणसं या पट्ट्यांवरूनच लागण ओळखतात. २०१३ मध्ये वॉल्टर कोनिग आणि सहकाऱ्यांनी डेट्रॉइटच्या आसपासच्या फीडरवॉचच्या नोंदी तपासल्या, तेव्हा भुंगेरा आल्यानंतर रेड-बेलीड सुतार आणि नटहॅच यांची संख्या वाढल्याचं दिसलं. खिडकीशी बसून कुणीतरी वहीत मारलेल्या रेघांतून हे निघालं.

मार्चमध्ये सूर बदलतो. पहाटे सहाला कुणीतरी घराच्या पत्र्याच्या पन्हाळीवर लाटणं चालवल्यासारखा आवाज येतो आणि फोन सुरू होतात: “तुमच्या वडीमुळे हे घर फोडायला लागले.” घर ते फोडत नसतात. पन्हाळीवरचा तो ताशा म्हणजे हद्दीची नि लग्नाची दवंडी. पत्रा जितका खणखणीत, तितकी दवंडी लांब जाते. सीडरच्या फळ्यांना खरोखर भोकं पडत असतील तर आत किडे आहेत का ते आधी तपासावं, चकचकीत फिती लावाव्यात. पक्ष्याला इजा करता येत नाही. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण सुतारांनाही आहे.

पुण्या-मुंबईत हे करावं का, असं हमखास विचारलं जातं. करू नये. एप्रिलच्या उन्हात चरबी पाघळेल, खवट होईल, आणि उंदीर-घुशी तेवढ्या गोळा होतील. चरबी पिसांना लागली की पिसांचा ऊब धरण्याचा गुण जातो, अंडी उबवणाऱ्या पक्ष्याच्या पोटाला लागली तर अंड्यांनाही धोका. आपल्याकडच्या सुतारांना हिमाची रात्र काढायची नसते. जॉन लॅथमनं १८०१ मध्ये शास्त्रीय नावातच ज्याला मराठ्यांचं नाव दिलं, तो पिवळ्या माथ्याचा मराठा सुतार माळरानांतल्या, विरळ झाडीतल्या वाळक्या फांद्यांवर पोट भरतो. त्याच्यासाठी करण्यासारखी गोष्ट एकच: डोक्यावर पडण्याची भीती नसेल तिथे सोसायटीनं वाळकी फांदी छाटायची घाई करू नये. हेच मिशिगनलाही लागू आहे. कॅन्टनमधल्या एका घरानं मेलेला ॲश मुळापासून न काढता पंधरा फुटांचं खोड उभं ठेवलं. वसाहतीच्या समितीचं पत्र आलं, परसदार विद्रूप दिसतं म्हणून. घरमालकानं खोडाभोवती वेल चढवला, पत्र पुन्हा आलं नाही. पुढच्या वसंतात डाउनीनं वरच्या टोकाला ढोली कोरली. तो ती दरवर्षी नवी कोरतो आणि जुनीत चिकडी राहायला येते.

मे उजाडला, दुपार वीस-बावीस अंशांवर जायला लागली की चरबीचं काम थांबवायचं. उन्हाळी म्हणून विकतात ती वडी पिठाची असते, ती सावलीत चालते. पण तोवर किडे-अळ्या मुबलक असतात आणि पिल्लांना त्याच लागतात. पिंजरा धुऊन गॅरेजमध्ये जातो. खांब उपटायची गरज नसते. त्याच सुमाराला दक्षिणेकडून हमिंगबर्ड येऊन पोचतात, त्यांची बाटली त्याच आकड्याला: एक भाग साखर, चार भाग पाणी, लाल रंग अजिबात न घालता. इथे सासूबाईंची काहीच तक्रार नसते, फक्त साखर कुठल्या डब्यातली घेतली एवढंच त्या विचारतात.